फुटपाथ तुटतो तो सांध्यावर

पुण्यात सोसायट्यांच्या कुठल्याही रस्त्यावर ३०० मीटर चाला आणि फुटपाथ किती वेळा खाली उतरतो ते मोजा. दर पंधरा-वीस मीटरला एक फाटक धरलं, तर पंधरा-वीस वेळा उतरायचं आणि तितक्याच वेळा चढायचं. प्रत्येक उंचवटा घरातल्या जिन्याच्या एका पायरीएवढा, कधी दीड पायरीचा. तिशीतल्या माणसाला ते जाणवतही नाही. गुडघे झिजलेल्या आजी मात्र तिसऱ्या फाटकानंतर रस्त्यावर उतरतात त्या पुन्हा वर येत नाहीत. मग मागून हॉर्न वाजतो आणि कुणीतरी म्हणतं, "फुटपाथ बांधून दिला तरी वापरतात का लोक!"

कागदांची आपल्याकडे कमतरता नाही. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ मध्ये मंजूर झालं, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच सुमाराची. २०१७ च्या सायकल आराखड्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं दाखवलंय. देशपातळीवर इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी आयआरसी:१०३ (२०१२, सुधारित आवृत्ती २०२२) आणि सायकल मार्गांसाठी आयआरसी:११ (२०१५) ही मानकं आहेत. जंगली महाराज रस्त्यासारखे रुंद, चालावंसं वाटेल असे फुटपाथही शहरात झालेत. पण गल्लीतलं काम बघितलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फुटपाथ मधोमध बिघडत नाही. तो बिघडतो दुसऱ्या कशाला तरी जाऊन मिळतो तिथे: फाटकाशी, कोपऱ्यावर, चेंबरपाशी, बसथांब्यावर, नव्या डांबराच्या कडेला. हे सांधे नीट जमले तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं, आणि ते तपासायला अभियंता असावं लागत नाही. पाच मीटरची टेप, खडू आणि लेव्हल बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी, एवढ्यावर भागतं.

फाटक

ठेकेदार नेहमी करतो ते सोपं काम: फाटक आलं की सगळा फुटपाथच रस्त्याच्या पातळीला उतरवायचा आणि फाटक संपलं की पुन्हा चढवायचा. गाडीला सपाट वाट मिळते, माणसाला घसरगुंडी. याच्या उलट करायचं असतं. चालायची पट्टी फाटकासमोरूनही त्याच पातळीवर सरळ जाऊ द्यायची आणि गाडीसाठीचा चढ फक्त रस्त्याकडच्या कडेच्या पट्ट्यात बसवायचा. या पट्ट्याची रुंदी बहुतेक ठिकाणी ४५० ते ६०० मिमी मिळते.

इथे उंचीचा हिशेब घालावाच लागतो. फुटपाथ १५० मिमी उंच असेल आणि चढाला ६०० मिमी जागा असेल, तर उतार १:४ पडतो. त्यावर ठेंगण्या गाडीचं पोट घासतं, आणि गाडी घासली की आठवड्याभरात सोसायटीवाले तिथे सिमेंटचा ढीग ओतून स्वतःचा रॅम्प करतात. तो सरळ गटाराच्या वाटेत येतो आणि पावसाळ्यात वरच्या बाजूला तळं साचतं. म्हणून फाटकं जास्त असलेल्या रस्त्यावर फुटपाथची उंचीच १०० मिमी धरावी. मग त्याच ६०० मिमीत उतार १:६ होतो आणि गाडी सहज चढते. आयआरसी:१०३ मध्ये १५० ही कमाल उंची आहे, किमान नव्हे. हे बैठकीत सांगावं लागतं, कारण ‘उंच म्हणजे मजबूत’ असा समज अजून पक्का आहे.

१०० मिमीची अडचण वेगळीच. पुढच्या निवडणुकीआधी रस्त्यावर डांबराचा ४०-५० मिमीचा नवा थर पडला की फुटपाथ निम्मा बुडतो, दोन थरांत रस्ता आणि फुटपाथ एक होतात. तेव्हा पुन्हा डांबरीकरण करताना आधी जुना थर खरवडून काढण्याची, म्हणजे मिलिंगची अट निविदेत हवी. ती नसली तर फुटपाथचा खर्च तीन-चार वर्षांपुरताच समजा.

फाटकासमोरचे ब्लॉक खचण्याचं कारणही ठरलेलं आहे. चालण्यासाठी ६० मिमीचे पेव्हर पुरतात, पण फाटकातून पाण्याचा टँकर जातो. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन असतं, ट्रकचं वजन वेगळं. साध्या भरावावर वाळू पसरून बसवलेले ६० मिमीचे ब्लॉक एका उन्हाळ्यात दोन चाकोऱ्या दाखवतात. चाकोरीत पाणी थांबतं, पाण्याबरोबर सांध्यातली वाळू जाते, ब्लॉक हलायला लागतात आणि पाऊस पडला की त्यावर पाय ठेवताच घोट्यापर्यंत पिचकारी उडते. फाटकासमोर ८० मिमीचे ब्लॉक आणि त्याखाली १५० मिमी काँक्रीट किंवा नीट दाबलेल्या खडीचा पाया हवा. वाळूचा थर २५ ते ४० मिमी, त्याहून जाड नको. थर जाड केला की पातळी जुळवणं सोपं जातं म्हणून कारागीर तो वाढवतात, आणि ब्लॉक खचायला तिथूनच सुरुवात होते. कडेचे ब्लॉक सरकू नयेत म्हणून चारही बाजूंनी काँक्रीटची पट्टी लागते. ही पट्टी अंदाजपत्रकात बहुधा असते, जागेवर मात्र ती दिसेलच असं नाही.

पाण्याबद्दल सोसायट्यांचा आक्षेप असतो: "फुटपाथ उंच राहिला तर पाणी आमच्या पार्किंगमध्ये येईल." तो उडवून लावू नये. पाणनळी धरून आतल्या फरशीची पातळी मोजा. फुटपाथला रस्त्याकडे १:५० चा आडवा उतार, म्हणजे १.८ मीटर रुंदीत साधारण ३६ मिमी, दिला तर फुटपाथवरचं पाणी आत जात नाही. आतली फरशी खरोखर खाली असेल, तर फाटकाच्या आतल्या बाजूला जाळी असलेली आडवी पन्हळ घालावी लागते. ते काम कोणाच्या खर्चाने होणार हे आधीच कागदावर आणा, नाहीतर मुख्य काम सुरू झाल्यावर अडतं.

कोपरा

माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वात जास्त फरक इथे पडतो, आणि लक्ष सर्वात कमी इथेच असतं. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथला कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेची दगडांची रांग, गोलाईत वळवलेला असतो. ती गोलाई मोठी ठेवली की गाडी ब्रेक न लावता वळते आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतर वाढतं. किती वाढतं ते बघा. गल्ली ६ मीटर रुंद आहे. दोन्ही कोपऱ्यांची त्रिज्या ९ मीटर. मोठ्या रस्त्याच्या कर्बपासून दीड मीटर आत, म्हणजे माणसं जिथून सरळ चालत येतात त्या रेषेवर, गल्ली ओलांडायची झाली तर अंतर सहा मीटर नसून चौदा मीटर भरतं. त्रिज्या ४ मीटर केली तर तेच अंतर पावणेआठ मीटर. सेकंदाला १.२ मीटर या चालीने पहिल्या वेळी बारा सेकंद उघड्यावर, दुसऱ्या वेळी साडेसहा. गल्ली तीच आहे, फक्त कर्बचे दगड वेगळ्या वळणाने बसवले.

वेग का महत्त्वाचा, तर ताशी ३० किलोमीटरवर असलेल्या गाडीला, चालकाला भान यायला एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण १३ मीटर लागतात. ५० ला २८ मीटर. म्हणजे ३० ची गाडी जिथे थांबलेली असते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक जेमतेम लागलेला असतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

"पण अग्निशमनची गाडी कशी वळणार?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर वाद घालून मिळत नाही, फक्की मारून मिळतं. क्रिकेटच्या मैदानावर रेघा आखतात ती पांढरी फक्की आणि वाहतूक शाखेकडून मिळतील तेवढे कोन घ्या. रविवारी सकाळी नवा कोपरा फक्कीने आखा, रेषेवर कोन ठेवा आणि दिवसभर बघा. घंटागाडी, शाळेची बस, टँकर हे तिन्ही दिवसाकाठी येतातच. कुणाचं मागचं चाक फक्कीवर चढलं ते पुसलेल्या रेघेवरून संध्याकाळी आपोआप कळतं. रस्त्याच्या कडेला पार्किंगची रांग असेल तर गाडी मुळात कर्बपासून दोन मीटर लांबून वळायला लागते, त्यामुळे कर्ब चार मीटरचा असला तरी गाडीला वळायला जागा बरीच जास्त मिळते. तरीही मोठ्या गाडीचं मागचं चाक चढत असेल, तर तेवढ्या चंद्रकोरीवर ५० मिमी उंचीची खडबडीत दगडी फरशी बसवायची. ट्रक त्यावरून जातो. दुचाकीवाला आणि कारवाला ती टाळतो, म्हणून त्यांना हळू व्हावंच लागतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी फुटपाथच्या पातळीचा सपाट ओटा, ज्याला सगळे टेबलटॉप म्हणतात. माणूस खाली उतरतच नाही, गाडी वर चढते. उंची १५० मिमी असेल तर दोन्ही बाजूंचा चढ १.२ ते १.८ मीटर लांबीचा, आणि वरचा सपाट भाग किमान तीन मीटर. बस जाते तिथे चढ आणखी लांब घ्यावा आणि सपाट भाग बसच्या चाकांमधलं अंतर मावेल असा ठेवावा. बिघडतं दोन ठिकाणी. एक म्हणजे ओटा १०० मिमीचा आणि फुटपाथ २०० चा, म्हणजे मधे पुन्हा पायरी. चाकाची खुर्ची तिथेच अडते. दुसरं म्हणजे पाणी. ओटा हा रस्त्यावर घातलेला बांधच असतो. पाणी जिकडून वाहत येतं त्या बाजूला, ओट्याच्या अगदी पायथ्याशी, पावसाळी पाण्याचा चेंबर नसेल तर पहिल्याच वळवाच्या पावसात तळं होतं, आणि त्या तळ्याचे फोटो दाखवून लोक ओटा उखडायला लावतात. हे इतक्या वेळा झालंय की आधी चेंबरची जागा ठरवा आणि मग ओट्याची, असंच सांगावंसं वाटतं.

साध्या गतिरोधकाबद्दल थोडक्यात. आयआरसीचं माप आहे ३.७ मीटर रुंद, १०० मिमी उंच, वरून १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. ताशी २५ च्या वेगाने त्यावरून धक्का न बसता जाता येतं. आपल्याकडे रात्रीतून उगवतो तो अर्धा मीटर रुंद आणि वीतभर उंच असतो. तो मणका मोडतो, सायकलच्या चाकाला बाक आणतो आणि रिक्षातल्या गरोदर बाईला रडवतो. तो काढून मापाचा करा, असा अर्ज कुणीही देऊ शकतं.

दुचाकी फुटपाथवर येते ती का

इथे प्रामाणिक असलेलं बरं. फुटपाथ फाटकांसमोरून सलग केला की तो चालायला छान होतो, आणि दुचाकीलाही. त्यावर सगळ्यांचा पहिला उपाय म्हणजे बोलार्ड, गाड्या अडवायला रोवलेले ठेंगणे खांब. पण चाकाच्या खुर्चीला जायला किमान ९०० मिमी मोकळं अंतर लागतं आणि स्कूटरचं हँडल साधारण ७०० मिमीचं असतं. खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाणारच. अंतर कमी केलं की स्कूटर थांबते आणि खुर्चीही थांबते, बाळगाडीही. इंग्रजी झेड आकाराचे अडथळे लावले तर खुर्ची त्यात वळतच नाही.

म्हणून दुचाकी वर का चढते ते आधी शोधा. बहुतेक वेळा तिला उलट्या दिशेने दीड-दोनशे मीटर जायचं असतं, कारण दुभाजकातली वळायची फट पुढे पाऊण किलोमीटरवर आहे. फट जवळ आणली किंवा चौकात वळायची सोय दिली की निम्मी गर्दी उतरते. दुसरं कारण चौकातला तुंबा. सिग्नलच्या अलीकडच्या ५० मीटरमध्ये दुचाकी फुटपाथवर चढते, बाकी रस्ताभर नाही. तेव्हा बोलार्ड सगळ्या लांबीवर न पेरता त्या ५० मीटरच्या तोंडाशी आणि फाटकांच्या कडेला लावा. तिसरी गोष्ट म्हणजे वर्दळ. भाजीवाल्या, चहाची टपरी, बाक असलेल्या फुटपाथवरून स्कूटर चालवणं कठीण जातं. त्यामुळे फेरीवाले हटवले की फुटपाथ मोकळा होतो आणि मग त्यावरून दुचाक्या वाहतात, हेही दिसतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीतून जागा आखून मिळते. कर्बलगतचा दीड-दोन मीटरचा पट्टा झाडं, दिव्याचे खांब, बाक आणि गाड्यांसाठी धरायचा आणि आतली १.८ मीटर पट्टी पूर्ण मोकळी ठेवायची. दुकानांच्या रस्त्यावर ती २.५ मीटर हवी, कारण दुकानासमोर थांबलेला माणूस अर्धा मीटर खातोच.

बोलार्ड लावायचेच असतील तर पाया जमिनीत ४५० मिमी तरी हवा. नुसत्या पत्र्याच्या तळाला चार बोल्ट मारून उभे केलेले खांब पहिल्या टेम्पोला आडवे होतात आणि मागे उरतात चार टोकदार बोल्ट, तेही बरोबर पायात येतील असे. गुडघ्याखालचे दगडी गोळे दिसायला बरे, पण अंधाऱ्या रस्त्यावर आणि दृष्टिहीन माणसासाठी ते सापळाच. खांबांमध्ये साखळी तर नकोच.

पिवळ्या खडबडीत फरशांचंही इथेच सांगून टाकतो. पट्ट्यांची फरशी म्हणजे ‘पुढे चला’, गोळ्यांची म्हणजे ‘थांबा, सावध’. काठीने किंवा तळपायाने वाचायची ही लिपी आहे. ती शोभेची नक्षी समजून बसवली की पट्ट्यांची ओळ सरळ वीज मंडळाच्या डीपीच्या पेटीत जाऊन आदळते. ओळीच्या दोन्ही बाजूंना ६०० मिमीपर्यंत काहीच नको, आणि मोकळी पट्टी वरही २.२ मीटरपर्यंत मोकळी हवी. दुकानांच्या पाट्या आणि झाडांच्या फांद्या मोजताना लोक मान वर करायचं विसरतात.

सायकलचे सांधे

पुण्यात सातारा रस्ता आणि सिंहगड रस्त्यावर सायकल ट्रॅक बांधून कित्येक वर्षं झाली. ते लोकांनी का वापरले नाहीत हे एकदा सायकलवर बसून गेलं की कळतं: ट्रॅक बसथांब्यात संपतो, झाडाभोवती वळसा घालतो, चौकाच्या वीस मीटर आधी गायब होतो. सायकलवाल्याला दर शंभर मीटरला उतरायला लावलं तर तो रस्त्यावरून जातो, आणि मग त्या रिकाम्या ट्रॅकवर गाड्या लागतात.

सायकलचं हँडल ६०-६५ सेंटिमीटरचं. तोल सांभाळताना होणारी डावी-उजवी हालचाल धरून चालत्या सायकलला एक मीटर लागतो, एकाने दुसऱ्याला मागे टाकायला दोन. म्हणून एकदिशा ट्रॅक दोन मीटरचा, दुतर्फा तीनचा. मधे दिव्याचा खांब आला की दोन मीटरचा कागदावरचा ट्रॅक जागेवर सव्वा मीटरचा होतो. पार्क केलेल्या गाड्यांच्या कडेने जात असेल तर उघडणाऱ्या दाराला पाऊण मीटर वेगळा सोडा. बसथांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा. तिथे माणसं तो ओलांडणार, म्हणून तेवढ्या भागात तो फुटपाथच्या पातळीला उचलून घ्यायचा. पृष्ठभाग काँक्रीट किंवा डांबराचा असावा. पेव्हर ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, त्यावर सायकल सतत थरथरते. दहा मिनिटांत मनगटं बधिर होतात. गुळगुळीत रंगाचा थर पावसात शेवाळासारखा निसरडा होतो, वळणावर तर हमखास.

आणि जाळ्या. पावसाळी गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेला समांतर असले तर रेसिंग सायकलचं २५-२८ मिमीचं चाक त्यात सरळ उतरतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे जातो. साध्या दूधवाल्याच्या सायकलचं चाक याहून रुंद असतं, तरी गजांमधली फट मोठी असेल तर तेही अडकतं. उपाय फुकटात मोडतो: चौकोनी जाळी उचलून ९० अंशांनी फिरवून बसवायची. लांबट असेल तर वरून दर १०० मिमीला आडवी पट्टी वेल्ड करायची, एका दुपारचं काम. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीपासून १०-१२ मिमीपेक्षा जास्त वर-खाली नकोत. खाली गेलेलं झाकण पावसात पाण्याखाली दिसत नाही, म्हणून ते वर आलेल्या झाकणापेक्षा धोक्याचं.

सायकल लावायची सोय फार स्वस्तात होते. ५० मिमी व्यासाच्या पाइपचा उलटा यू, ७५० ते ८०० मिमी उंच, पाय जमिनीत पुरलेले. दोन्ही बाजूंना एकेक सायकल आणि चौकटीला कुलूप. यू-यू मध्ये एक मीटर. कारच्या एका जागेत असे पाच बसतात, म्हणजे दहा सायकली. फक्त पुढचं चाक अडकवायचे जे स्टँड शाळांत दिसतात ते टाळावेत. सायकल कलंडली की चाकाची रिम वाकते आणि कुलूप फक्त चाकालाच लागतं.

ओलांडणं

झेब्रा पट्टे रंगवणं सर्वात स्वस्त, म्हणून सर्वात जास्त होतं. पण दुभाजकाला धडकणारा झेब्रा आपल्याकडे दुर्मीळ नाही. झेब्रा आहे तिथे दुभाजक कापलेला हवा, कापलेल्या जागेत थांबायला किमान १.२ मीटर, सायकल किंवा बाळगाडीसकट थांबायचं तर दोन मीटर, आणि जमीन रस्त्याच्याच पातळीला. सिग्नलची वेळ मात्र घड्याळ लावून तपासा. १८ मीटरचा रस्ता १.२ च्या चालीने १५ सेकंदांचा. म्हाताऱ्या माणसाची चाल ०.८ धरली तर साडेबावीस. पादचाऱ्यांना हिरवा १२ सेकंद मिळत असेल तर तो दोष चालणाऱ्याचा नव्हे, आणि ही दुरुस्ती नियंत्रण पेटीत होते, खोदाई लागत नाही. वाहतूक शाखेला पत्र देताना दहा फेऱ्यांची वेळ लिहून द्या. एकाच फेरीवर भांडू नका.

हे करवून कसं घ्यायचं

एका वेळी ३०० ते ५०० मीटर घ्या, पूर्ण प्रभाग नको. टेपने मोजून फाटकं, चेंबर, डीपी, झाडं, कोपरे हे सगळं एका लांब कागदावर मांडा आणि प्रत्येक अडथळ्याला फुटपाथवर खडूने लिहिलेलाच क्रमांक कागदावर द्या. मग अभियंत्याबरोबर चालताना "तो तिकडचा खड्डा" म्हणावं लागत नाही, "१४ नंबर" म्हटलं की काम होतं. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत दर पंधरा मिनिटांची मोजणी करा: फुटपाथवरून किती, रस्त्यावरून किती, त्यात साठीपुढचे आणि लहान मुलं किती. रस्त्यावरून चालणाऱ्यांचा आकडा सर्वात बोलका असतो.

पुण्यात सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत २००६-०७ पासून आहे. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन छोटं काम सुचवायचं. पाच लाखांपर्यंतची कामं त्यात बसतात. जाळ्या फिरवणं, एक कोपरा आवळणं, सायकल स्टँड, दोन-तीन फाटकं यासाठी ते पुरतं. अर्जात ‘फुटपाथ सुधारणा’ असं लिहिलं तर आहेत ते ब्लॉक काढून नवे बसतील आणि उतार तसाच राहील. ‘फाटक क्रमांक ४ ते ९ समोर चालण्याची पट्टी सलग, उंची १०० मिमी, गाडीचा चढ कडेच्या ६०० मिमीत’ असं लिहा. मोठे रस्ते पथ विभागाकडे, सिग्नल आणि पट्ट्यांसाठी वाहतूक शाखेलाही प्रत, डीपीसाठी महावितरण. तिन्ही ठिकाणचे आवक क्रमांक एका वहीत ठेवा.

काम मंजूर झालं की नकाशा आणि परिमाणपत्रक, म्हणजे कोणतं काम किती मापाचं याचा तक्ता, मागा. सहज मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. कुणी कायद्याबद्दल विचारलंच तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलंय: ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर आखणारे, बांधणारे, देखभाल करणारे यांना एक लाखापर्यंत दंड. पहिल्याच भेटीत ते काढू नये. कनिष्ठ अभियंत्याकडे एकाच वेळी चाळीस कामं असतात. मोजून तयार केलेला कागद त्याच्या हातात दिला तर तो तुमच्या बाजूला येतो, कलम दाखवलं तर फाइलच्या मागे जातो.

काम सुरू असताना दोनदा हजर राहा. पहिल्यांदा कर्बची दोरी ताणतात त्या सकाळी, कारण कोपऱ्याची त्रिज्या आणि फाटकाची उंची तिथेच ठरते; एकदा दगड काँक्रीटमध्ये बसले की कुणी हलवत नाही. दुसऱ्यांदा ब्लॉक टाकायच्या आदल्या दिवशी, पाया दाबला का आणि झाडाभोवती चारही बाजूंना मीटरभर माती उघडी सोडली का ते बघायला. झाडाच्या खोडापर्यंत ब्लॉक नेले तर दोन-तीन वर्षांत मुळं फुटपाथ उचलतात, आणि मग दोष झाडाला लागतो.

झाल्यावर तपासणी बादलीने करा: प्रत्येक फाटकासमोर आणि ओट्याच्या दोन्ही पायथ्यांशी बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. मग जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर तासाभराने पुन्हा एक चक्कर. डबकं दिसेल तिथे मधोमध पट्टी उभी धरून फोटो काढा, कडेच्या कर्बवर ऑइल पेंटने बाण करा आणि तोच क्रमांक लिहून पत्र द्या. ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी असण्याचा कालावधी, ज्याला ऑफिसात डीएलपी म्हणतात, करारात लिहिलेला असतो. तो संपायची तारीख काम सुरू व्हायच्या दिवशीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्याच्या दोन महिने आधी टेप घेऊन पुन्हा एकदा १ नंबरपासून सुरू करा.